खिमाडाला कडक दारू कुठून आणायची?

घरात लग्न किंवा बारसं ठरलं की जुनी वही कपाटातून बाहेर निघते. साष्टीतल्या अनेक ईस्ट इंडियन घरांत अशी वही असते. बाटली मसाल्याचं प्रमाण, फुगियांचं पीठ, मुरवायचं लोणचं, आणि मागच्या एखाद्या पानावर खिमाड. कृती चारपाच ओळींची असते आणि घरागणिक थोडी बदलते. दालचिनी, लवंग, वेलची, गवती चहा, साखर किंवा गूळ पाण्यात उकळायचं, गाळायचं आणि त्यात दारू मिसळायची. प्यायचं कोमट, लहान पेल्यातून. अडचण एकाच ओळीत असते : ‘मोहाची, पहिल्या धारेची, एक बाटली, पाणी दोन बाटल्या.’

भांडुप स्टेशनबाहेरच्या वाइन शॉपमध्ये ही ओळ घेऊन गेलं तर जिन असो, व्होडका असो की रम, बहुतेक बाटल्यांवर एकच आकडा दिसतो : ४२.८ टक्के. काही परदेशी बाटल्यांवर ४० किंवा ४३. मग प्रश्न येतो, आणि तो अगदी रास्त आहे. याहून कडक काही मिळत नाही का? मिळत नसेल, तर आजीचं खिमाड आता होणारच नाही का?

होतं. मात्र त्यासाठी ‘कडक’ म्हणजे नेमकं किती, हे आधी समजून घ्यावं लागतं.

१. पहिली धार

मोहाची फुलं, काजूची बोंडं, गूळ किंवा ऊस, यांतली साखर पाण्यात आंबते तेव्हा यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव तिचं अल्कोहोल करतात. पण हे काम ते फार पुढे नेऊ शकत नाहीत. अल्कोहोल वाढत गेलं की त्यांचंच जगणं अवघड होतं. म्हणून नुसत्या आंबवणीत अल्कोहोल साधारण बिअर किंवा वाइनइतकंच राहतं.

त्यापुढे जायचं तर आंबवण तापवून वाफ थंड करावी लागते. पाणी १०० अंशांना उकळतं, शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांच्या थोडं वर. त्यामुळे भांडं तापलं की सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त आणि पाणी कमी असतं. जसजसा वेळ जातो तसतसं भांड्यातलं अल्कोहोल संपत येतं आणि नळीतून येणारं द्रव पातळ होत जातं. सुरुवातीला पडते ती पहिली धार. तीच सर्वांत कडक, म्हणून तिला मान.

गोव्यात हेच काम टप्प्यांनी होतं. काजूच्या रसाची पहिली गाळणी म्हणजे हुर्राक, सौम्य. ती पुन्हा गाळली की फेणी. जुने गाळणारे तिची ताकद ‘ग्राव’ या मापात सांगतात. हुर्राक १४ ते १६ ग्रावची, फेणी १९-२० ग्रावची. फेणीचे हे १९-२० ग्राव टक्क्यांत मांडले तर चाळिशीच्या आसपास येतात, म्हणजे आपल्या ४२.८ च्या शेजारीच. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

वाफ पुन्हापुन्हा थंड करत गेलं तरी एक हद्द येते. सुमारे ९६-९७ टक्क्यांना पोहोचल्यावर वाफेत आणि द्रवात अल्कोहोलचं प्रमाण सारखंच होतं आणि साध्या गाळणीने त्यापुढे जाता येत नाही. कारखान्यात मद्यासाठी जो शुद्ध अर्क करतात, तो याच हद्दीजवळचा असतो. आपण दुकानातून आणतो ती देशी व्होडका म्हणजे हाच अर्क, त्यात शुद्ध केलेलं पाणी घालून ४२.८ वर आणलेला. हे नीट लक्षात ठेवावं, कारण पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे. कडक अर्क आणि दुकानातली व्होडका यांत फरक आहे तो पाण्याचा. आणि खिमाडात आपण पाणी घालणारच आहोत.

२. ४२.८ हा विचित्र आकडा आला कुठून?

चाळीस समजतं, पन्नास समजतं. ४२.८ का?

याचं उत्तर इंग्रजांच्या करवसुलीत आहे. दारूवर कर घ्यायचा तर तिची ताकद मोजता यायला हवी. सांगतात की पूर्वी बंदुकीची दारू दारूत भिजवून पेटवून पाहत. पेटली तर ताकद ‘सिद्ध’, म्हणजे प्रूफ. पुढे साइक्स नावाच्या अधिकाऱ्याचं तरंगतं मापक आलं आणि १८१६ मध्ये ब्रिटनने ते कायद्याने स्वीकारलं. त्या मापावर १०० अंश प्रूफ म्हणजे आजच्या भाषेत ५७.१ टक्के अल्कोहोल.

प्रूफपेक्षा कमी ताकदीची दारू ‘इतके अंश अंडरप्रूफ’ अशी सांगत. २५ अंश अंडरप्रूफ म्हणजे शंभरातून पंचवीस गेले, उरले पंचाहत्तर. ५७.१ चे पंचाहत्तर टक्के काढा : ५७.१ × ०.७५ = ४२.८. आपल्या बाटलीवरचा आकडा हा त्या जुन्या मोजणीचा वारसा आहे. काही बाटल्यांवर अजूनही ‘७५ डिग्री प्रूफ’ किंवा ‘२५ यू.पी.’ असं छापलेलं दिसतं. ती वेगळी ताकद नव्हे, ४२.८ च आहे.

इथे एक मोठा गोंधळ होतो. अमेरिकेचं प्रूफ वेगळं आहे. तिथे टक्क्यांची नुसती दुप्पट करतात. अमेरिकी १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के, ब्रिटिश १०० प्रूफ म्हणजे ५७.१. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेल्या कृतीत ‘८० प्रूफ’ असेल तर ते आपल्या ४२.८ पेक्षा सौम्यच आहे. कृतीत प्रूफ दिसलं की आधी ती कुठल्या देशातली, कुठल्या काळातली, हे पाहावं.

३. वहीतली दारू खरंच किती कडक होती?

माझ्या मते हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

साष्टीत दारू गाळणं काही नवं नव्हतं. खुद्द भांडुपमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रम गाळण्याचा कारखाना होता. भांडुपची इस्टेट तेव्हा ल्यूक ॲशबर्नर या इंग्रजाकडे होती. ‘बॉम्बे कुरियर’ या वृत्तपत्राशी त्याचा संबंध होता. त्याच्यामागून कारभार पाहिला तो कावसजी माणेकजी या पारशी गृहस्थांनी. त्यांनी आपल्या नावापुढे ॲशबर्नर हेच आडनाव लावलं. आज एलबीएस रोडवरून जाताना इथे कधी रमचे पिंप भरले जात होते यावर विश्वास बसत नाही.

गावोगावच्या भट्ट्या मात्र मोहाच्या होत्या. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्यांच्यावर गंडांतर आलं. गाळण्याचं काम गावातून काढून ठरावीक ठिकाणी एकवटण्यात आलं. आपल्या भागासाठी त्यातलं मोठं केंद्र म्हणजे उरण. तिथल्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं बंद झालं. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. म्हणजे भांडुप-मुलुंडच्या माणसाला झाडाखाली पडलेली फुलं घरी आणणंही कायद्याने अवघड झालं. जंगलाशेजारच्या आदिवासी पाड्यांना तर हा घाव अधिक लागला, कारण त्यांच्यासाठी मोह हे अन्नही होतं.

आता ताकदीकडे या. उरणसारख्या ठिकाणाहून जी सरकारमान्य मोहाची दारू दुकानांत येई, तिची ताकद अबकारी खातं ठरवून देई. ती प्रामुख्याने दोन मापांत विकली जात होती : २५ अंश अंडरप्रूफ आणि ६० अंश अंडरप्रूफ. पहिली म्हणजे ४२.८ टक्के. दुसरी म्हणजे ५७.१ चे चाळीस टक्के, साधारण २२.८.

म्हणजे पणजोबा दुकानातून जी ‘कडक’ बाटली आणत, ती आजच्या बाटलीइतकीच कडक होती. कडक म्हणायचं कारण, शेजारीच तिच्या निम्म्या ताकदीची दुसरी मिळायची.

दारूबंदीच्या काळात हे चित्र बिघडलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० पासून बंदी पूर्ण झाली, आणि मुंबईत हातभट्टीचं पेव फुटलं. खाजणाच्या कडेला, तिवरांच्या आड भट्ट्या लागायच्या. तिथल्या पहिल्या धारेला कुणी मापक लावत नव्हतं. ती ५५ टक्के असेल, ६० असेल, किंवा पाणी घालून ३० वर आणलेली असेल. घरची वही जर पन्नास-साठच्या दशकात लिहिलेली असेल तर ‘एक बाटली’ म्हणजे किती अल्कोहोल, हे त्या वहीवरून कळायला मार्ग नाही. पुढे १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले आणि मापं पुन्हा ठरली.

‘आमची आजी काडी लावून पाहायची, निळी ज्योत आली तरच घ्यायची,’ असं काही जण सांगतात. ही परीक्षा खोटी नाही, पण ती हवामानावर अवलंबून आहे. चाळीस टक्क्यांच्या दारूवर पेट घेण्याजोगी वाफ जमायला साधारण २६ अंश तापमान पुरतं. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात पारा तीसच्या वर असतो, तेव्हा साधी ४२.८ ची दारूही काडीने पेटते. डिसेंबरच्या पहाटे तीच पेटायला कुरकुर करेल. निळ्या ज्योतीवरून फार तर एवढंच कळतं की अल्कोहोल चाळिशीच्या आसपास किंवा वर आहे.

४. हीच अडचण स्वीडनमध्ये

दूरच्या एका देशातली घरंही हाच शोध घेत असतात, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ. स्वीडनमध्ये नाताळच्या दिवसांत ‘ग्लॉग’ नावाचं पेय करतात. दालचिनी, लवंग, वेलची, संत्र्याची साल, मनुका, साखर, वाइन, आणि अनेक घरांत सोबत कडक दारू. प्यायचं गरम, लहान पेल्यातून. खिमाडाशी त्याचं साम्य डोळ्यांत भरणारं आहे आणि त्यात नवल नाही. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी आशियातले मसालेच नव्हे, तर जावाची ‘अरॅक’ ही दारूही तिकडे नेली. तिच्यापासूनचं ‘पुन्श’ हे गोड पेय स्वीडनमध्ये आजही पितात.

तिथेही शेतकरी घरोघर दारू गाळत. १८६० मध्ये घरगुती गाळणीवर बंदी आली. १९१७ पासून दारूचं रेशनिंग सुरू झालं. ग्राहकाच्या नावावर खरेदीचं पुस्तक असे, त्यात नोंद केल्याशिवाय बाटली मिळत नसे. ती पद्धत १९५५ पर्यंत चालली. त्यानंतर दारूची किरकोळ विक्री सरकारी मालकीच्या ‘सिस्टेमबोलागेत’ या दुकानांकडे गेली आणि आजही मुख्यतः त्यांच्याकडेच आहे. गाळणी गेली, पण कृतीत लिहिलेली कडक दारू राहून गेली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्वीडिश कुटुंबांनाही नाताळ जवळ आला की हीच बाटली शोधावी लागते.

त्यांच्या एका जुन्या पद्धतीत मात्र कडक दारूला खरोखर पर्याय नाही. भांड्यावर जाळी ठेवतात, जाळीवर साखरेचे खडे, त्यांवर दारू ओतून ती पेटवतात आणि वितळलेली, करपलेली साखर खाली पेयात ठिबकते. इथे दारू जळायलाच हवी. स्वीडनच्या डिसेंबरात ती सौम्य असेल तर धड पेटत नाही.

५. कडक दारू नेमकं काय करते?

यावरून पुढचा प्रश्न सहज सुचतो. कृतीत कडक दारू कुठल्या कामासाठी आहे? कामं तीन असू शकतात.

एक, जाळणं. ते वर आलंच. खिमाडात हे काम नाही.

दुसरं काम मसाल्याचा अर्क उतरवण्याचं. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, संत्र्याच्या सालीतलं तेल, ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. म्हणून ज्या कृतीत साली किंवा मसाले थंड दारूत आठवडेच्या आठवडे मुरवतात, तिथे साठ-सत्तर टक्क्यांचा अर्क खरोखर अधिक ओढून घेतो. अशा अर्कात नंतर पाणी घातलं की कधीकधी तो दुधाळ होतो. पाणी वाढल्यावर विरघळलेलं तेल बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं, म्हणून. बडीशेपेच्या मद्यात हे ठळक दिसतं. बिघाड नसतो तो.

खिमाडात मसाले पाण्यात उकळले जातात. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर तेल सुटतं, थोडं पाण्यात राहतं, बरंचसं घरभर दरवळतं. आता त्यात दारू गेली की ते विरघळलेलं राहायला मदत होते आणि त्याला ४२.८ ची दारू भरपूर पुरते. वास अधिक हवा असेल तर एक सोपा उपाय आहे. निम्मी दालचिनी आणि लवंग पाण्यात उकळावी, निम्मी आदल्या रात्री दारूतच टाकून बाटली घट्ट बंद करावी. चव सकाळपर्यंत उतरते. लवंग जपून घालावी, ती दारूत फार वेगाने उतरते आणि जिभेला बधिर करते.

तिसरं काम शेवटच्या पेल्यातली ताकद. कडक दारूचा खरा आग्रह इथूनच येतो, आणि इथे तिची गरज सर्वांत कमी आहे.

६. पेल्याकडून बाटलीकडे

कोकमाचं सरबत करताना आगळ किती दाट आहे ते पाहून आपण पाणी घालतो. आगळ पातळ असेल तर पाणी कमी. दारूचं तसंच आहे, आणि इथे तर ताकद आकड्यात लिहिलेली असल्याने अंदाजाचीही गरज नाही.

सूत्र एवढंच : बाटलीची ताकद गुणिले बाटलीचं माप, भागिले एकूण मिश्रणाचं माप.

समजा वहीतली दारू खरोखर जुन्या १०० प्रूफची, म्हणजे ५७.१ टक्के होती. एक बाटली दारू, दोन बाटल्या मसालापाणी, एकूण तीन. ५७.१ भागिले ३, म्हणजे पेल्यात १९ टक्के.

आता आपल्याकडे ४२.८ आहे आणि पेल्यात १९ च हवेत. ४२.८ भागिले १९ केलं की सव्वादोन येतात. म्हणजे एक बाटली दारूला एकूण मिश्रण सव्वादोन बाटल्या, त्यात पाणी सव्वा बाटली. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साधारण ९४० मिलिलिटर मसालापाणी. झालं. कडक दारू शोधायची गरजच उरत नाही, फक्त पाणी पाऊण बाटलीने कमी करायचं.

पण पाणी कमी केलं की दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, मसाल्याचं प्रमाण. एकूण खिमाड तीनऐवजी सव्वादोन बाटल्या झालं, म्हणून मसाला आणि साखर वहीतल्याच्या पाऊणपट घ्यावी. हा पाऊणपट मसाला आता दोनऐवजी सव्वा बाटली पाण्यात उकळेल, म्हणजे काढा मूळच्यापेक्षा थोडा दाट दिसेल. तो तसाच हवा, दारू मिसळल्यावर चव जागेवर येते.

दुसरी गोष्ट साखर. साखर विरघळली म्हणजे नाहीशी होत नाही, ती जागा घेते. १०० ग्रॅम साखरेने माप साधारण ६० मिलिलिटरने वाढतं. २५० ग्रॅम साखर असेल तर दीडशे मिलिलिटरहून थोडी अधिक जागा तिचीच, आणि ९४० मिलिलिटरमध्ये ती धरलेली आहे. म्हणून पाणी मोजायचं ते साखर विरघळून, उकळून, गाळून झाल्यावर. आधी मोजलेल्या पाण्यातलं कितीतरी वाफ होऊन गेलेलं असतं. मोजपात्र शेवटी हातात घ्यावं.

आणि वहीतली दारू जर सरकारी दुकानातली, २५ अंडरप्रूफची असेल? मग एकाला दोन पाणी हेच प्रमाण बरोबर, आणि पेल्यात साधारण १४ टक्के. दोन्हींपैकी आपल्या घरचं कुठलं, हे वहीला विचारून कळणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, आणि नुसतं विचारू नये, चाखायला द्यावं. एका पेल्यात ४० मिलिलिटर दारू आणि ८० मिलिलिटर काढा, दुसऱ्यात ४० आणि ५०. पहिला १४ टक्क्यांचा, दुसरा १९ चा. ज्यांनी जुनं खिमाड प्यायलं आहे ते एका घोटात सांगतील.

दारूची ताकद मोजायचं तरंगतं काचेचं मापक प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं. पण तयार खिमाडात ते बुडवून उपयोग नाही. साखरेने द्रव जड होतं आणि मापक ताकद कमी दाखवतं. ते साध्या, बिनसाखरेच्या दारूलाच चालतं.

७. हे वापरू नये, कधीच नाही

कडक शोधता शोधता माणूस भलत्या दारात जातो, म्हणून हा भाग स्पष्ट लिहितो.

रंगाच्या दुकानातलं स्पिरिट, पॉलिशचं स्पिरिट, सॅनिटायझर, जखमेला लावायचं स्पिरिट, प्रयोगशाळेतलं अल्कोहोल, यांतलं काहीही पेयात जाता कामा नये. ‘९५ टक्के’ असं लिहिलेलं असतं, वासही दारूसारखा येतो. पण औद्योगिक स्पिरिट पिता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी किंवा किळसवाणी द्रव्यं मिसळतात आणि ती घरी गाळून, उकळून किंवा कोळशातून काढून टाकता येत नाहीत.

त्यातलं सर्वांत घातक मिथेनॉल. ते अल्कोहोलचंच भावंड. दिसायला, वासाला, चवीला जवळपास तसंच. काडी लावली तर तेही जळतं, म्हणून आजीच्या निळ्या ज्योतीची परीक्षा इथे काहीच सांगत नाही. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, बारा-चोवीस तासांनीही दिसू शकतात. पोटदुखी, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं. तोवर माणूस झोपलेला असतो आणि घरच्यांना वाटतं, चढली असेल. असं काही जाणवलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. वेळेत पोहोचलं तर उतारा आणि डायलिसिस यांनी जीव वाचतो.

ही दूरची भीती नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं. भांडुपहून विक्रोळी दोन स्टेशनं. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसं बहुतांशी रोजंदारीवर जगणारी होती. म्हणून ‘ओळखीच्याकडून आणलेली कडक’ ही बाटली लग्नघरात येऊ देऊ नये, आणणारा कितीही जवळचा असो. पाहुण्यांच्या पेल्यात काय आहे याची जबाबदारी यजमानाची असते.

घरी गाळणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही इथेच सांगितलं पाहिजे.

८. परदेशातून, गोव्यातून

परदेशात असलेली मुलगी विचारते, ‘बाबा, इथे ९६ टक्क्यांची मिळते, घेऊन येऊ?’ पोलंडसारख्या देशांत ती खरंच दुकानात मिळते. पण विमानाचे नियम साफ आहेत. ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेलं पेय विमानात नेताच येत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि आत टाकलेल्या बॅगेतही नाही. ते ज्वालाग्राही मालात मोडतं. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानचं सीलबंद बाटलीत, माणशी पाच लिटरपर्यंत चालतं. भारतात उतरताना करमुक्त सवलत माणशी दोन लिटरची. म्हणजे ५७ टक्क्यांची, जुन्या प्रूफइतकी रम किंवा जिन ती आणू शकते. आणल्यास वहीतलं एकाला दोन हे प्रमाण जसंच्या तसं लागू होईल.

गोव्याहून गाडीत फेणीच्या बाटल्या टाकून आणणं अनेकांना निरुपद्रवी वाटतं. महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. सीमेवर तपासणी होते.

९. हरवलं ते मोहाचं

इतका हिशेब केल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होते. खिमाडात आज जे कमी पडतं, ते ताकदीत नाही. व्होडका घालून केलेलं खिमाड पिताना वडीलधारी माणसं थांबतात, ‘तसं नाही लागत’ म्हणतात, आणि आपण समजतो की दारू सौम्य आहे. त्यांना आठवत असतो तो मोहाचा वास. थोडा मधासारखा, थोडा धुराचा, मागे किंचित आंबूस. व्होडका तर वास काढून टाकण्यासाठीच इतकी शुद्ध करतात. तिच्यात टक्के कितीही वाढवले तरी मोह येणार नाही.

सुदैवाने मोहाची दारू आता पुन्हा उजेडात येते आहे. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ नावाने ती रीतसर बाटलीत आणली आहे. मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन परवाने दिले आहेत. किंमत हातभट्टीसारखी नाही, हे खरं. पण पूर्ण बाटली मोहाची घालायचीच असं नाही. तीन भाग साधी पांढरी रम आणि एक भाग मोहाची, एवढ्यानेही काढ्याला तो वास येतो. पांढरी रम सुचवतो कारण तिला उसाची थोडी गोडी असते. जिनमधली जुनिपरची फळं दालचिनीशी भांडतात. गडद रमचा करपलेल्या साखरेचा वास गवती चहाला झाकून टाकतो. देशी संत्रा किंवा मोसंबी वापरणारी घरंही आहेत. त्यांच्या खिमाडाला ती चव आता इतकी सवयीची झाली आहे की ती त्यांची परंपराच झाली. त्यात काही चूक नाही.

१०. कार्याच्या दिवशी

पन्नास माणसं, प्रत्येकी ६० मिलिलिटरचा एक पेला. एकूण तीन लिटर. १९ टक्क्यांच्या खिमाडात ५७० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल लागेल. ते ०.४२८ ने भागलं की साधारण १,३३० मिलिलिटर दारू. ७५० च्या दोन बाटल्या आणल्या की थोडी उरते. एका पेल्यात साडेअकरा मिलिलिटरच्या आसपास अल्कोहोल जातं, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगपेक्षा किंचित कमी. गोड आणि कोमट असल्याने ते जाणवत नाही आणि पाहुणा तिसरा पेला सहज उचलतो. वाढणाऱ्याला हे सांगून ठेवावं.

मिसळताना आधी गॅस बंद. काढा उतरवून ठेवावा, ८० अंशांच्या आसपास आला की त्यात दारू ओतावी. दारू सामान्य तापमानाची असल्याने मिश्रण आपोआप साठीच्या आसपास येतं, पुन्हा तापवावं लागत नाही. दारू घातल्यावर पातेलं शेगडीवर ठेवलं तर दोन नुकसानं होतात : अल्कोहोल आधी उडून जातं, आणि त्याची वाफ ज्योतीपर्यंत पोहोचली तर भडका उडतो. मंडपात केटरर्सच्या शेगड्या शेजारी असतात, तिथे खिमाडाचं पातेलं दूर, वेगळ्या टेबलावर ठेवावं.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. हॉलमध्ये मद्य वाढायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा. हॉलवाले बहुधा तो आधी मागतातच.

दारू घालण्याआधी काढ्यातला एक भाग बाजूला काढून ठेवावा. मुलं, गरोदर बायका, औषधं चालू असलेले, आणि ज्यांना रात्री गाडी चालवत घरी जायचं आहे, त्यांना तो तसाच गरम द्यावा. त्यात लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ घातलं तर दारूची उणीव बरीच भरून निघते.